कागदांचा मेळ: शेंगेन व्हिसाबद्दल वाचकांचे प्रश्न

युरोपच्या व्हिसाबद्दल आलेली पत्रं यावेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. पत्रं निरनिराळ्या गावांची असली, तरी बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे. कागद कमी पडतात असं क्वचितच होतं. असलेले कागद एकमेकांशी जुळत नाहीत, आणि व्हिसा तिथे अडतो. अर्जात एक तारीख, हॉटेलच्या बुकिंगवर दुसरी आणि विम्यात तिसरी, अशी फाइल श्रीमंताची असली तरी परत येते.

मुलगा म्युनिकला नोकरी करतो. आम्ही दोघं निवृत्त आहोत. त्याच्याकडे राहून पॅरिस आणि स्वित्झर्लंडही बघायचं आहे. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? फ्रान्सचा व्हिसा लवकर मिळतो असं ट्रॅव्हलवाले सांगतात. (सातारा)

अर्ज जर्मनीकडे करा. शेंगेन हा सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा गट, त्यात आता २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाले. एका देशाच्या व्हिसावर बाकीच्या देशांत फिरता येत असलं, तरी अर्ज कुठे करायचा हे आपल्या मर्जीवर नसतं. प्रवासाचा मुख्य हेतू ज्या देशात, किंवा ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज जातो. सगळीकडे सारखेच दिवस असतील तर पहिला प्रवेश जिथे होतो तो देश. तुमचे म्युनिकमध्ये बारा दिवस, स्वित्झर्लंडमध्ये पाच आणि पॅरिसमध्ये चार होणार असतील, तर इथे दुसरं उत्तरच संभवत नाही.

व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून फ्रान्सचा व्हिसा घ्यायचा आणि मुक्काम मात्र जर्मनीत टाकायचा, हा सल्ला ऐकू नका. म्युनिकच्या विमानतळावर अधिकारी परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता विचारू शकतो. व्हिसा फ्रान्सचा आणि पॅरिसमध्ये एकही रात्र नाही असं दिसलं, तर तो व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. सत्तरीच्या माणसांनी हा धोका कशासाठी पत्करायचा?

मुलाकडून दोन गोष्टी मागवा. एक, साधं निमंत्रणपत्र: तुम्ही कोण, कधी येणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार. सोबत त्याच्या राहण्याच्या परवान्याची आणि पासपोर्टची प्रत. दोन, खर्च तो उचलणार असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र. जर्मनमध्ये त्याला 'फरफ्लिष्टुंग्सएरक्लेरुंग' म्हणतात. त्याची फी २९ युरो. पगाराच्या स्लिपा दाखवाव्या लागतात आणि त्या कार्यालयाची वेळ मिळायलाही दिवस लागतात, म्हणून इथली अपॉइंटमेंट घेण्याआधी ते काम सुरू करायला सांगा. हमीपत्राची मूळ प्रत इथे यायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो चालत नाही. कागद काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरायचा.

नात्याचा पुरावा म्हणून मुलाचा जन्मदाखला लावा. त्याच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावं छापलेली असतील तर त्या पानाचीही प्रत जोडा. ती नावं आणि तुमच्या पासपोर्टवरची नावं एका स्पेलिंगची आहेत का, हे भिंग घेऊन तपासा. 'शिंदे' एका ठिकाणी एका स्पेलिंगने आणि दुसरीकडे दुसऱ्या, हे आपल्याकडे घरोघरी सापडतं. फरक असेल तर तो दडवू नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून फाइलमध्ये लावा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला नियमाने पंधरा दिवस धरतात, पण चौकशी निघाली तर पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतात. मे महिन्यात जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट फार लवकर भरतात.

पासपोर्ट पुढच्या १० मार्चला संपतो. आम्ही १५ डिसेंबरला जाऊन २८ डिसेंबरला परतणार. परत आल्यावर नूतनीकरण केलं तर चालेल ना? (रत्नागिरी)

चालणार नाही. शेंगेनचा प्रदेश सोडल्याच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध राहिला पाहिजे. २८ डिसेंबरला निघालात तर २८ मार्चपर्यंत. तुम्ही अठरा दिवसांनी कमी पडता आणि तेवढ्यावर अर्ज अडतो. याखेरीज पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.

आपल्याकडे मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्ट नव्याने काढता येतो. मोठ्या माणसाला ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये, ६० पानांच्या पुस्तिकेला २००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २००० रुपये. आत्ताच अर्ज टाका. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत व्हिसाचा फॉर्म भरू नका, कारण पासपोर्ट क्रमांक बदलतो आणि मग फॉर्म, विमा, तिकीट सगळं पुन्हा करावं लागतं.

दोन बारीक गोष्टी. जुन्या पासपोर्टवर अजून चालू असलेला एखादा व्हिसा असेल तर पासपोर्ट केंद्रातल्या काउंटरवर ते आधीच सांगा. जुनी पुस्तिका रद्द करताना कोपरा कापतात, त्यात व्हिसाचं पान दुखावता कामा नये. असा व्हिसा जुन्या आणि नव्या दोन्ही पुस्तिका सोबत ठेवून वापरता येतो. दुसरं, कोकणातल्या दमट हवेत कपाटात राहिलेल्या पासपोर्टची फोटोच्या पानावरची पातळ फिल्म कडेने सुटते. नखाने हळूच उचलून बघा. सुटत असेल तर तो खराब झालेला पासपोर्ट समजला जातो. तो पुढे रेटू नका, विमानतळावर अडवतात.

लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. आधार आणि बँकेत सासरचं. आधी पासपोर्ट बदलावा लागेल का? (इचलकरंजी)

लग्न झालं म्हणून पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. व्हिसासाठी पासपोर्टवरचं नाव हेच तुमचं नाव. फॉर्म, विमा, हॉटेल, विमानाचं तिकीट, सगळं त्याच नावाने. तिकीट काढणारा पोरगा सवयीने सासरचं आडनाव टाकतो आणि मग दुरुस्तीचे पैसे पडतात. त्याच्या शेजारी बसून काढून घ्या.

प्रश्न उरतो बँकेच्या स्टेटमेंटचा, कारण पैसे एका नावाने आणि अर्ज दुसऱ्या नावाने. तिथे विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही नावांना जोडतो. तो नसेल आणि लग्न गावी झालेलं असेल, तर नोंदणी आताही करता येते. ती करून घ्या, पुढेही उपयोगी पडेल.

आपल्या नावांची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. पासपोर्टवर आडनावाची एक ओळ असते आणि दिलेल्या नावाची दुसरी. आपलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव या दुसऱ्या ओळीत बसलेलं असतं. शेंगेनच्या फॉर्ममध्ये मधल्या नावाला वेगळी चौकट नाही. म्हणून दुसऱ्या ओळीत जे आहे ते जसंच्या तसं एकत्र लिहा. 'जन्माच्या वेळचं आडनाव' अशी चौकट मात्र आहे. ज्या बायकांनी पासपोर्टवर सासरचं नाव घेतलं आहे त्यांनी तिथे माहेरचं आडनाव लिहायचं. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे माहेरचंच येईल.

आमची द्राक्षबाग आहे. दोघं स्वित्झर्लंड आणि फ्रान्स फिरणार. शेतीचं उत्पन्न म्हणून रिटर्न भरत नाही. खात्यावर पैसे फक्त हंगामात येतात. नातेवाईक म्हणतात, पाच-सहा लाख उसने घेऊन खात्यावर टाका आणि स्टेटमेंट काढा. (निफाड, जि. नाशिक)

उसने पैसे टाकू नका. शेतकरी कुटुंबांच्या फाइली सर्वांत जास्त याच सल्ल्याने बिघडतात, म्हणून हे उत्तर थोडं लांबवतो.

अधिकारी शेवटची शिल्लक बघतो हे खरं, पण त्याआधी तो सहा महिन्यांच्या नोंदी वाचतो. चाळीस-पन्नास हजारांवर खेळणाऱ्या खात्यात अपॉइंटमेंटच्या दहा दिवस आधी सहा लाख आले, तर ते पैसे तुमचे नाहीत हे त्याला लगेच कळतं. मग बाकीचे खरे कागदही तो संशयाने वाचतो.

तुमच्याकडे उत्पन्न खरोखर आहे, फक्त त्याचं रूप वेगळं आहे. ते त्याला समजेल असं मांडा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, तो आणि आठ-अ काढा. व्यापाऱ्याच्या किंवा बाजार समितीच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, निर्यातीचा माल गेला असेल तर निर्यातदाराची बिलं. मग एका कोऱ्या कागदावर तक्ता करा: पट्टीची तारीख, रक्कम आणि ती रक्कम बँकेत कोणत्या तारखेला जमा झाली. स्टेटमेंटवरच्या त्या ओळींसमोर पेन्सिलीने बारीक खूण करा. मार्चमध्ये एकदम आलेले चार लाख मग संशयास्पद राहत नाहीत, ते द्राक्षाचे पैसे होतात. अर्ज हंगामानंतर बऱ्याच महिन्यांनी करणार असाल तर स्टेटमेंट सहाऐवजी बारा महिन्यांचं लावा, म्हणजे हंगाम त्यात दिसेल.

सातबारा मराठीत असतो आणि समोरचा माणूस स्विस किंवा फ्रेंच. इंग्रजी भाषांतर करून घ्या, त्यावर भाषांतरकाराची सही-शिक्का असू द्या आणि मूळ कागद त्याच्या मागे लावा. क्षेत्र आर आणि हेक्टरमध्ये लिहिलेलंच ठेवा, हेक्टर तिकडे सगळ्यांना समजतं. एकर-गुंठे केलेत तर उलट घोळ होतो.

रिटर्नचं म्हणाल, तर शेतीचं उत्पन्न आयकरातून मुक्त आहे हे अर्जासोबतच्या पत्रात एका वाक्यात स्पष्ट लिहा. रिकामी जागा सोडली की अधिकारी ती स्वतःच्या तर्काने भरतो. मुदत ठेवी असतील तर पावत्या जोडा, पण त्या आधार म्हणून. रोजच्या खर्चाला हाताशी असलेला पैसा बचत खात्यातच दिसावा लागतो.

किती हवा? फ्रान्सचा हिशोब माणशी दररोज ६५ युरो, हॉटेलचं बुकिंग दाखवलं असेल तर. नसेल तर १२० युरो. स्वित्झर्लंड दिवसाला १०० फ्रँक धरतं. हा किमान आकडा आहे, त्यावर जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. सगळा खर्च वजा केल्यावरही खात्यात घर चालण्यापुरतं काही उरतं, असं दिसलं पाहिजे. पंधरा दिवसांच्या सहलीत आयुष्याची बचत संपतेय असं दिसणारी फाइल पटत नाही.

आता परत येण्याचा पुरावा. नोकरदार माणूस रजेचं पत्र लावतो. तुम्ही काय लावणार? तुमची बागच तुमचा पुरावा आहे. एप्रिलची खरड छाटणी झाल्यावर जाताय आणि ऑक्टोबर छाटणीच्या कितीतरी आधी परत येताय, तुमच्या गैरहजेरीत बाग कोण बघणार, हे पत्रात चार ओळींत लिहा. बागेवर पीककर्ज असेल तर तेही लपवायचं कारण नाही. कर्जाचे हप्ते वेळेवर जाताहेत हा माणूस गावाला बांधलेला असल्याचा चांगला पुरावा आहे.

आणखी एक, तुमच्या हातांचं. अपॉइंटमेंटला दहाही बोटांचे ठसे घेतात. शेतात काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, मशीन दोन-तीनदा नाकारतं. घाबरू नका. आठवडाभर रात्री झोपताना हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावा, आणि त्या दिवशी हात स्वच्छ धुऊन कोरडे करून जा. घरात लग्नकार्य असेल तर मेंदी काढून लगेच जाऊ नका. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

व्हिसा नाकारला. कागदावर 'मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती विश्वासार्ह नाही' आणि 'परत जाण्याबद्दल रास्त शंका' या दोन चौकटींवर खूण आहे. एजंटने तिकिटाचं आरक्षण आणि हॉटेल करून दिलं होतं. आता पाच वर्षं बंदी का? (कोल्हापूर)

बंदी नाही. नकाराची नोंद शेंगेनच्या सामायिक संगणकात पाच वर्षं राहते आणि पुढच्या अर्जाच्या वेळी अधिकाऱ्याला दिसते, एवढंच. पुन्हा अर्ज उद्याही करता येतो. फी मात्र परत मिळत नाही: मोठ्यांना ९० युरो, शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क.

पण तीच फाइल पुन्हा देऊ नका. तुम्ही पाठवलेल्या प्रतींवरून दिसतं ते असं. फॉर्ममध्ये १४ दिवसांचा मुक्काम, हॉटेलची बुकिंग ९ रात्रींची. राहिलेल्या रात्री तुम्ही कुठे असणार होता? त्यातल्या दोन हॉटेलांची बुकिंग फाइल दिल्यानंतर चारच दिवसांत रद्द झाली आहेत. एजंट फुकट रद्द होणारी बुकिंग करतात आणि फाइल गेली की लगेच सोडून देतात. वकिलातीतून हॉटेलला फोन किंवा मेल जाऊ शकतो, आणि अशा नावाचं कुणी येणार नाही असं उत्तर आलं की 'हेतू विश्वासार्ह नाही' या चौकटीवर खूण होते. रद्द होणारं बुकिंग जरूर करा, त्यात गैर काही नाही. पण पासपोर्ट हातात येईपर्यंत ते जिवंत ठेवा. पक्कं तिकीट व्हिसाआधी काढण्याची गरज नसते, आरक्षण पुरतं, मात्र तेही खरं हवं.

दुसरी चौकट तुमच्या नोकरीची. पत्रावर लेटरहेड आहे, पण पगार रोखीने. स्टेटमेंटवर पगाराची एकही जमा नाही. मालकाला पगार खात्यावर द्यायला सांगा आणि तीन-चार महिन्यांच्या नोंदी होऊ द्या, मग अर्ज करा. ही घाई करण्याची जागा नाही.

अपिलाचं: पत्रात मुदत आणि पत्ता दिलेला असतो, नियम देशागणिक वेगळे. जर्मनीने वकिलातीकडेच पुनर्विचार मागण्याची सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली, आता बर्लिनच्या न्यायालयात दाद मागणं किंवा नवा अर्ज. तुमच्यासारख्या प्रकरणात दुरुस्त केलेला नवा अर्जच बरा. नव्या पत्रात जुना नकार स्वतःहून नमूद करा आणि काय बदललं ते सांगा. पुढे ब्रिटनचा अर्ज केलात तर तिथे आधीच्या नकाराबद्दल थेट विचारतात. 'नाही' लिहिलंत तर खोटं सांगितल्याची नोंद होते, आणि ती नकारापेक्षा फार जड जाते.

मी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जाणार. नवरा मस्कतला आहे, तो येणार नाही. (चिपळूण)

दोन्ही पालकांची संमती लागते. नवऱ्याचं ना-हरकत पत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून मूळ प्रत मागवा आणि त्याच्या पासपोर्टची व तिथल्या रहिवासी कार्डाची प्रत सोबत लावा. पत्रात मुलीचं नाव, पासपोर्ट क्रमांक, देश आणि तारखा असू द्या. 'परदेशी जायला हरकत नाही' एवढं मोघम पुरत नाही. जन्मदाखला आणि शाळेचं बोनाफाइड, सुट्टीच्या तारखांसह. मुलीची फी ४५ युरो. बारा वर्षांखालच्यांचे ठसे घेत नाहीत. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तिचा कधी संपतो ते आधी बघा, घरात सगळ्यांचं लक्ष मोठ्यांच्या पासपोर्टकडे असतं.

पॅरिसहून ट्रेनने दोन दिवस लंडन करून परत पॅरिसला येऊन विमान पकडायचं. चालेल? (ठाणे)

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. आयर्लंडही शेंगेनबाहेर. शिवाय तुमच्या शेंगेन व्हिसावर 'एक प्रवेश' असेल तर लंडनला निघताच तो संपला, पॅरिसला परतता येणार नाही. अर्जातच दोन किंवा अनेक प्रवेश मागा आणि लंडनचं आरक्षण जोडा. नाहीतर सरळ लंडनहूनच मुंबईचं विमान घ्या, ते सोपं.

एक वर्षाचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला. त्यावर '९० दिवस' लिहिलंय. १० मार्च ते ८ मे मुलीकडे राहून आले. आता १ ऑगस्टला नव्वद दिवसांसाठी जाऊ शकते ना? (पुणे)

नाही, तीसच दिवस. नियम असा: ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, त्यात एकूण मुक्काम ९० दिवसांपेक्षा जास्त नको. पोचण्याचा दिवस आणि निघण्याचा दिवस, दोन्ही धरतात.

तुमचा हिशोब करू. मार्चचे २२, एप्रिलचे ३०, मेचे ८, मिळून ६० दिवस झाले. १ ऑगस्टपासून मागे १८० दिवस मोजले की आपण ३ फेब्रुवारीला पोचतो, म्हणजे ते साठही दिवस त्यात येतात. उरले ३०. ३० ऑगस्टला नव्वद पुरे होतात, कारण त्या दिवशीही मागची मोजणी ४ मार्चपर्यंत जाते आणि १० मार्च अजून आतच असतो. म्हणून ३० ऑगस्टला शेंगेनबाहेर पडलंच पाहिजे. सलग नव्वद दिवस हवे असतील तर ८ मेनंतर मधे पूर्ण नव्वद दिवस जाऊ द्या आणि ७ ऑगस्टला पोचा.

पूर्वी हा हिशोब पासपोर्टवरचे शिक्के बघून करत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर चेहरा आणि ठसे घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. एक दिवस जास्त झाला तरी यंत्र तो दाखवतं. नव्वद दिवस पुरे करूच नका, दोन-तीन हातचे ठेवा. विमान रद्द झालं तर ते कामी येतात.

एकच प्रवेश असलेल्यांनी व्हिसाच्या चिकटपट्टीवर 'पासून-पर्यंत'च्या तारखा आणि त्याखालचे 'दिवस' हे दोन्ही वाचावं. तारखांमध्ये पंधरा दिवसांची सवलत दिलेली असते, म्हणून त्या मधल्या काळापेक्षा 'दिवस' कमी असतात. राहायचं ते दिवसांइतकं, तारखांइतकं नाही.

तुम्ही वारंवार जाणार आहात म्हणून सांगतो: एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केले. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळून नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो आणि त्यापुढे पाच वर्षांचा, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. 'नीट वापरले' यात दिवस न ओलांडणं पहिलं आलं.

प्रवासविमा सर्वांत स्वस्त घेतला तर चालतो का? वडिलांना मधुमेह आहे. (नागपूर)

व्हिसाची अट किमान ३०,००० युरोची आहे. सर्व शेंगेन देशांत लागू, मुक्कामाचे सगळे दिवस धरून, आणि आजारपणात किंवा मृत्यूनंतर मायदेशी आणण्याच्या खर्चासह. ही अट स्वस्त पॉलिसीही पुरी करते. पण वडिलांसाठी ती घेऊ नका. आधीपासूनच्या आजाराचा खर्च त्यात बहुधा वगळलेला असतो किंवा अगदी थोडा दिलेला असतो. प्रस्ताव भरताना मधुमेह आणि चालू गोळ्या लिहाच. लपवला तर दावा नाकारायला तेच कारण पुरतं. पॉलिसीवरचं नाव पासपोर्टप्रमाणे, आणि तारखा मुंबईहून विमान सुटण्याच्या दिवसापासून परत उतरण्याच्या दिवसापर्यंत. रात्री दोनचं विमान असेल तर तारीख कोणती पडते ते नीट बघा. शनिवारी रात्री घरून निघालात तरी तिकिटावर रविवार असतो.